गेरू, तांदूळ आणि दोन त्रिकोण

तिसरी-चौथीच्या मुलांना छापील चित्रात रंग भरायला देण्यापेक्षा एकदा वारली चित्र काढायला द्या. खाकी कागदावर गेरूचा हात फिरवून तो वाळू द्यायचा. तांदूळ भिजवून, बारीक वाटून, त्यात थोडा डिंक घातला की पांढरा रंग तयार. ब्रश म्हणून बांबूची काडी टोकाला ठेचून घ्यायची. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं धड. वरचा जरा कलता काढला की माणूस वाकतो, धावतो, नाचतो! ‘मला चित्र येत नाही’ म्हणणारं मूलही इथे बिचकत नाही, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

मुलांना हेही सांगा, की ही चित्रं मुळात लग्नघराच्या भिंतीवर वारली आदिवासी बायका काढत. पुढे डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदा-कापडावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. देवचौक, म्हणजे लग्नाच्या चित्रातला देवीचा चौकोन, मात्र लग्नविधीचा भाग आहे, तो सरावाला देऊ नका. मुलांना आपलंच गाव काढू द्या: हापसा, एसटी, आठवडी बाजार. किंवा एका मोठ्या कागदावर मधोमध तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा, आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्या साखळीत प्रत्येकाने स्वतःला काढायचं.