आंधळ्या चालीपुढे



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलायचे, तेथून तीन पत्तीवर बोलण्यास आम्ही उभे राहिलो, हे पाहून काही मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल. ती साहजिक आहे. परंतु ज्या दिवसाला आपण बलिप्रतिपदा म्हणतो, त्याचेच दुसरे नाव द्यूतप्रतिपदा आहे, आणि त्या दिवशी प्रत्यक्ष शंकर पार्वतीपुढे फासे हरल्याची कथा आपल्या आजीनेच आपल्याला सांगितलेली आहे. आमच्या या धानाच्या मुलुखात तर भाऊबीज उलटली की गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात, रात्री दंडार किंवा नाटक, आणि ज्यांना नाटकात रस नाही ते ओसरीवर सतरंजी टाकतात. मोबाइलवरील पैशांच्या खेळांवर 2025 साली संसदेने कायद्याने बंदी घातली. तेव्हा सतरंजीला पुन्हा बरे दिवस येतील असा आमचा कयास आहे.

या सतरंजीवर एक गृहस्थ हटकून असतो. तो पत्ते पाहत नाही. बूट पडला की (हा पायातला नव्हे, डावाच्या आरंभी प्रत्येकाने टाकायचा पैसा) तो 'ब्लाइंड' म्हणून दुप्पट फेकतो, पुढल्या फेरीस आणखी दुप्पट, आणि वर सर्वांकडे असे पाहतो की चार माणसे निमूटपणे पत्ते टाकून मोकळी होतात. पुष्कळदा हा गृहस्थ घरचा जावई असतो. जावयाला 'बापू, जरा हळू' म्हणण्याची छाती कोणाची? आणि त्याच्यासमोर बसलेला असतो धाकटा साळा, ज्याच्या खिशात हलक्या धानाचे नुकतेच आलेले पैसे असतात. त्या पैशांतून मळणीची मजुरी द्यायची असते, कृषी केंद्राची उधारी फेडायची असते. आम्ही विनोदाने बोलत असलो तरी विषय विनोदाचा नाही, तो एवढ्यासाठी.

आता असे म्हणतील की हा सारा दैवाचा खेळ. यात शहाणपण ते काय चालवायचे? सर्वोच्च न्यायालयानेही 1967 साली सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले आणि तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ दैवाचा ठरविले. न्यायालयाचा मान ठेवून आम्ही इतकेच म्हणू की हातात कोणते पत्ते येणार हे दैव ठरविते. त्यांवर किती पैसे लावायचे हे मात्र आपण ठरवितो, आणि जावईबापूंची सारी करामत या दुसऱ्या गोष्टीत आहे.

थोडा हिशेब मांडू. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे 22,100 निरनिराळे हात होतात. त्यांत ट्रेल अवघे 52, शुद्ध सीक्वेन्स 48, साधे सीक्वेन्स 720, कलर 1,096, जोड्या 3,744. आणि ज्यांत काहीच जुळलेले नाही असे 16,440. म्हणजे शंभरातले चौऱ्याहत्तर हात रिकामे! पत्ते न पाहता गर्जना करणाऱ्याच्या हाताला हाच नियम लागू. त्याच्या आवाजाने त्याचा हात बदलत नाही. दुरीची जोडी, जिला आपण हातात येताच नाक मुरडतो, तीसुद्धा त्याच्या हाताला शंभरातून चौऱ्याहत्तर वेळा मारते.

पण येथे एक मेख आहे. पत्ते पाहिलेल्याने आंधळ्याच्या दुप्पट चाल द्यायची, असा नियम आहे. शिवाय पाहिलेल्याने आंधळ्याकडे 'शो' मागायचा नाही, अशी पुष्कळ घरांतून रीत आहे. तो एक रुपया टाकतो तेव्हा आपण दोन टाकतो. म्हणजे दोघेच उरले असता त्या चालीचे पैसे भरून येण्यास आपला हात तीनांतून दोनदा तरी जिंकणारा हवा. असा हात कोणता? आम्ही मोजून पाहिले. एक्का आणि त्याखाली राणी, तिसरे पान कोणतेही, हा हात शंभरातून एकोणसत्तर वेळा वर राहतो. एक्का-गुलाम काठावर. नुसता बादशहा वर असेल तर निम्म्याच्या आसपास. तो हात घेऊन दुप्पट भरणे म्हणजे दाणे देऊन कोंडा घेणे. तेव्हा एक्का-राणी किंवा त्याहून वरचे येईपर्यंत गुमान पत्ते टाकावे, आणि आले की हलू नये. तिघे-चौघे अजून डावात असतील, तर त्याहून चांगल्या हाताची वाट पाहावी.

हलू नये म्हणजे वाढवूही नये. वाढविण्याचे काम तो आपण होऊन करीतच असतो. त्याला का अडवा? आणि थाप मारण्याच्या भरीस तर मुळीच पडू नये. ज्याने स्वतःचेच पत्ते पाहिलेले नाहीत, तो आपल्या चेहऱ्यावरचे गांभीर्य पाहून कसा भिणार?

जागेचाही विचार करावा. त्याची चाल आपल्या आधी येईल अशी बैठक धरावी. एक तर तो किती फेकतो ते पाहून ठरविता येते. दुसरे असे की साइड शो आपल्या लगत आधीच्या खेळाडूकडेच मागता येतो, तेव्हा त्याने पत्ते पाहिले की त्याला गाठता येते. तो नाकारू शकतो, हे खरे. पण सर्वांदेखत दोनदा नाकारले की तिसऱ्यांदा गर्जना जरा खाली येते.

आता भांडवलाची गोष्ट. साळ्याजवळ पाचशे, बापूंजवळ पाच हजार, आणि डाव अगदी बरोबरीचे, म्हणजे कोणाकडेच झुकते माप नाही, असे धरू. कोणा एकाचा खिसा रिकामा होईपर्यंत खेळायचे. गणित असे सांगते की अकरापैकी दहा वेळा साळाच रिकामा उठेल. यात बापूंचे कौशल्य शून्य. केवळ खिसा मोठा. भर टाकायची ती चाल वाढवून. लहान चालीत हा शेवट यायला रात्री लागतात, फुगलेल्या चालीत तास पुरतो. म्हणून आडदांड माणसाचे खरे शस्त्र पत्ते नव्हेत, चालीला मर्यादा नसणे हे आहे.

नळराजाची कथा आपण जाणता. पुष्कराशी तो महिनोन्महिने खेळला आणि राज्य घालवून बसला. पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन तो याच विदर्भातील कुंडिनपुराकडे निघाला असता, वाटेत एका बेहड्याच्या झाडाची पाने नि फळे ऋतुपर्णाने नुसत्या नजरेने मोजून सांगितली, आणि तीच विद्या, अक्षहृदय, नळाला दिली. ज्या बेहड्याच्या फळांनी त्या काळी द्यूत खेळत, तोच बेहडा आमच्या नागझिरा-नवेगावच्या रानात आजही उभा आहे. नळ परत गेला तो महिनोन्महिने खेळायला नव्हे. एकाच पणात त्याने सारे फिरवून घेतले, आणि पुष्कराला त्याचा भाग देऊन परत पाठविले. महाभारतकारांना ही शेवटची गोष्ट सांगावीशी वाटली, याचे आम्हांस फार कौतुक वाटते. कारण पुष्कर त्याचा भाऊ होता.

सतरंजीवरचेही सारे भाऊच. तेव्हा बापूंना हरविण्यापेक्षा, पत्ते पिसण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्याने तीन गोष्टी मोठ्याने सांगाव्या: बूट किती, चाल अमुकच्या वर जाणार नाही, आणि आंधळ्या फेऱ्या चारच, मग प्रत्येकाने पत्ते पाहायचे. डाव सुरू झाल्यावर हे सांगितले तर जावयाचा अपमान होतो. आधी सांगितले तर तो घराचा रिवाज होतो. आमच्या पाहण्यातल्या एका घरी हे काम आजीकडे आहे. ती स्वतः खेळत नाही. बूट मात्र तीच ठरविते, आणि तो शेंगदाण्यांचा असतो.