हाताजोगी मूठ

विळ्याला मूठ असते, सुताराच्या पटाशीला मूठ असते, स्वयंपाकघरातल्या उलथन्यालाही ती असते. जाणता कारागीर नवे हत्यार हाती घेतो, तेव्हा प्रथम त्याची मूठ पाहतो. ती जाड वाटली तर तासतो. बारीक वाटली तर तिच्यावर चिंधी गुंडाळतो. क्रिकेटचा फलंदाजसुद्धा बॅटच्या दांड्यावर रबराचे एखादे वेष्टन अधिक चढवून घेतो. हत्याराने हाताशी जुळवून घ्यावे, हा कारागिरीचा जुना न्याय आहे. आज ज्या वस्तूविषयी मला बोलावयाचे आहे, ती दिसावयास या सर्वांहून निराळी. परंतु तिलाही हाच न्याय लागू पडतो. ही वस्तू म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याची जॉयस्टिक, आणि तीही घरी तयार केलेली.

आपल्या शहरांतून व्हिडिओ गेमची पार्लरे होती, ती अनेकांना आठवत असतील. उभे लाकडी कपाट, त्यात काचेआड पडदा, आणि पडद्याखाली उतरती फळी. फळीच्या डाव्या अंगाला गोल डोक्याची दांडी आणि उजवीकडे रंगीत बटणे. ती पार्लरे बहुतेक गावांतून नाहीशी झाली. खेळ मात्र उरले. १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने ‘मेम’ नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला आणि त्या कपाटांतील जुने खेळ घरच्या संगणकावर चालू लागले. खेळ आले, पण दांडी आली नाही. संगणकाच्या कीबोर्डवर ते खेळून पाहिले की काय उणे आहे ते बोटांना ताबडतोब कळते. साध्या कीबोर्डवर काही विशिष्ट कळा एकाच वेळी दाबल्या, तर त्यांतील एखादी संगणकापर्यंत पोहोचतही नाही. अशा वेळी हौशी मनुष्य लाकडाची पेटी शोधू लागतो.

ही हौस वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६१ साली पीडीपी-१ नावाचा संगणक आला. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी १९६२ साली त्यावर ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ रचला. दोन अवकाशयाने, मध्ये तारा, आणि एकमेकांवर पाणतीर सोडणारे दोन खेळाडू. खेळ रंगे, पण तो खेळावयाचा कशाने, तर संगणकाच्या फळीवरील बारीक खटक्यांनी. दोघांनी शेजारी दाटीने बसावे, कोपरे अवघडून घ्यावीत, आणि पडदा एका अंगाला असल्यामुळे त्यांतील एकालाच तो नीट दिसावा! संस्थेत आगगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांचा एक क्लब होता. त्या क्लबातील अॅलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स या दोघांनी तेथल्याच सामानातून लाकूड, बेकलाइट आणि खटके जमवून दोन सुट्या पेट्या तयार केल्या. एक दांडी यान वळवण्यासाठी, दुसरी वेगासाठी, आणि पाणतिरासाठी एक बटण. ते बटण त्यांनी मुद्दाम आवाज न करणारे ठेवले, कारण आवाज झाला असता तर शेजारचा प्रतिस्पर्धी सावध झाला असता. व्हिडिओ गेमच्या इतिहासाच्या अगदी आरंभीच्या या पेट्या कोणत्याही कारखान्यातून आलेल्या नव्हत्या. दुखऱ्या कोपरांनी त्या करवून घेतल्या.

पुढे हा धंदा वाढला आणि प्रत्येक खेळाने आपापली मूठ मागितली. १९८० च्या ‘पॅक-मॅन’ला चार दिशांची एक दांडी पुरे होती, खेळताना दाबावयाचे बटण त्याला नव्हतेच. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ला आठ दिशांची दांडी आणि सहा बटणे लागली, तीन ठोशांसाठी व तीन लाथांसाठी. म्हणून घरी पेटी करणाऱ्याने पहिला प्रश्न स्वतःला विचारावा तो हा, की आपण खेळणार आहोत काय?

आता या दांडीच्या पोटात डोकावून पाहू. वरून ती कितीही चपळ भासली, तरी आत चार लहान खटकेच असतात. त्यांना मायक्रोस्विच म्हणतात. दांडी एका सांध्यावर झुलते, स्प्रिंग तिला पुन्हा मध्यावर आणते, आणि ज्या बाजूस ती कलते तिच्या अनुषंगाने तिचे खालचे टोक एक खटका दाबते. तिरपी कलली तर दोन खटके एकदम दाबले जातात. चार खटक्यांतून आठ दिशा निघतात त्या अशा. येथे नवशिक्याने एक गोष्ट ध्यानात धरावी. दांडी मध्यावर टेकलेली असल्यामुळे वरचे टोक पुढे गेले की खालचे टोक मागे जाते. म्हणजे ‘वर’ या दिशेची तार दांडीच्या खालच्या अंगाच्या खटक्याला जोडावयाची असते, आणि ‘डावी’ची तार उजवीकडच्या खटक्याला. हे विसरले की पडद्यावरचा वीर शत्रूकडे जाण्याऐवजी पाठ फिरवून पळू लागतो!

खटक्यांच्या खाली एक पट्टी बसवलेली असते आणि तिच्यातील भोकाचा आकार दांडीची मर्यादा ठरवतो. चौकोनी भोकात तिरप्या दिशा कोपऱ्यांत स्पष्ट लागतात. अष्टकोनी भोकात आठही दिशांना खाच जाणवते. ‘पॅक-मॅन’सारख्या चार दिशांच्या खेळात मात्र तिरपी चाल नडते, म्हणून काही दांड्यांत ही पट्टी फिरवून किंवा बदलून तिरप्या वाटा बंद करण्याची सोय असते.

पेटीसाठी प्लायवूड किंवा एमडीएफ चालते. पण लाकडाला हात घालण्यापूर्वी कागद घ्यावा. खुर्चीवर नेहमीप्रमाणे बसून उजवा पंजा कागदावर सैल ठेवावा आणि बोटांची टोके जेथे आपोआप टेकतील तेथे खुणा कराव्यात. बोटे सारख्या लांबीची नसतात, म्हणून खुणांची ओळ सरळ येत नाही. ती वाकडीच राहू द्यावी. जपानी पद्धतीच्या मुख्य बटणांना ३० मिमी व्यासाचे छिद्र लागते आणि लहान बटणांना २४ मिमीचे. कागदावर त्या मापाची वर्तुळे काढावीत, तो कागद बुटांच्या खोक्यावर चिकटवावा आणि दोन दिवस त्यावरच बोटे चालवून पाहावीत. मनगट वाकत असेल, खांदा वर उचलला जात असेल, तर खुणा हलवाव्यात. पुठ्ठ्यावरची चूक कात्रीने सुधारते. फळीवरची चूक नवी फळी मागते.

नंतरचे काम सुताराच्या हातोटीचे आहे. गोल करवतीने छिद्रे पाडावीत, कडा कानशीने आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत कराव्यात. चिमट्यांनी अडकणारी बटणे पातळ पत्र्यासाठी असतात. जाड फळीसाठी मागून चाकी आवळण्याची, आट्यांची बटणे घ्यावीत. दांडीच्या जागी फळी खालून कोरून पातळ करावी लागते, नाहीतर दांडी वर पुरेशी निघत नाही. आत पाचएक सेंटिमीटर मोकळी खोली ठेवावी. पेटी हलकी झाली तर खेळाच्या भरात ती मांडीवरून घसरते. तळाशी लोखंडी पट्टी बसवली की ती स्थिर राहते. एमडीएफची धूळ अतिशय बारीक असते, म्हणून कापताना नाकातोंडावर फडके बांधू नये, चांगला मास्कच लावावा.

राहिली विजेची जोडणी. ती पाहून पुष्कळजण बिचकतात, पण तिच्यात गूढ असे काही नाही. प्रत्येक बटण म्हणजे एक उघडमीट करणारा खटका. सर्व बटणांचा एकेक पाय एकाच सामाईक तारेने माळेसारखा जोडावा. ही तार जमिनीची, म्हणजे ग्राउंडची. दुसऱ्या पायापासून प्रत्येक बटणाची स्वतंत्र तार निघून एका छोट्या सर्किट बोर्डाकडे जाते. तीन पायांचा मायक्रोस्विच असेल, तर सामाईक पाय आणि एरवी उघडा असणारा पाय हे दोन वापरावेत. टोकांना दाबून बसणारे टर्मिनल लावले तर डाख देण्याचीही गरज पडत नाही, आणि उद्या एखादे बटण बिघडले तर तेवढेच काढून बदलता येते. बोर्ड तयारही मिळतो. किंवा २०२१ साली निघालेला रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड घेऊन त्यावर ‘जीपी२०४०-सीई’ हा सर्वांस मोकळा असलेला प्रोग्राम घालता येतो. पिकोवर वापरता येतील अशा २६ जोडण्या असतात. चार दिशा, आठ बटणे आणि आरंभ-निवडीची दोन, अशा चौदा तारा गेल्या तरी जागा उरते. एक पथ्य मात्र पाळावे. या जोडण्या ३.३ व्होल्टच्या आहेत. दिव्यांसाठी आणलेली ५ व्होल्टची तार त्यांना चुकूनही लावू नये.

बोर्डाचे काम काय? बटण मिटले की ती जोडणी ग्राउंडला मिळते, बोर्ड ते हेरतो आणि यूएसबीच्या तारेतून संगणकाला कळवतो. धातूचे दोन तुकडे एकमेकांवर आपटले की काही मिलिसेकंद थरथरतात; एक दाब अनेक दाबांसारखा दिसू नये म्हणून बोर्ड या थरथरीकडे कानाडोळा करतो. हे खेळ बहुधा सेकंदाला साठ चित्रे दाखवतात, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. लढतीच्या खेळात एकदोन चित्रांच्या उशिराने डाव हुकतो. म्हणून जाणते खेळाडू बोर्डाच्या विलंबाविषयी इतके काटेकोर असतात. त्यात नुसता षोक नाही.

श्रोतेहो, कोणी विचारील की तयार पेट्या बाजारात मिळत असता एवढा खटाटोप कशासाठी? पैसे वाचतील म्हणून असे उत्तर मी देणार नाही. चांगली दांडी, चांगली बटणे आणि बोर्ड घेऊन बसले की खर्च तयार पेटीइतकाही होऊ शकतो. लाभ निराळा आहे. आपल्या हातून घडलेल्या वस्तूचे झाकण उघडण्याची आपल्याला भीती वाटत नाही. स्प्रिंग सैल झाली, खटका बसला, तार निघाली, तर आपण ती वस्तू टाकून देत नाही; चार स्क्रू काढतो आणि आत पाहतो. चिकटवून बंद केलेल्या वस्तूंच्या या काळात, मुलांना एवढे तरी धैर्य एखाद्या खेळण्यातून मिळावे, हे थोडे नव्हे.

पण याहूनही मोठे कारण आहे. बाजारातील खेळाची मूठ एका ठरावीक हातासाठी घडवलेली असते. दोन पंजे, त्यांची सारी बोटे आणि दोन्ही अंगठे शाबूत व चपळ आहेत असे तिने गृहीत धरलेले असते. पक्षाघाताने ज्याचा एक हात गेला, जन्मापासून ज्याची बोटे आखडलेली आहेत किंवा ज्याच्या स्नायूंतील बळ हळूहळू ओसरत आहे, त्याच्यासाठी ती मूठ म्हणजे बंद दरवाजा. त्याची बहीण, त्याचे मित्र पडद्यापुढे बसून हसतात, भांडतात, जिंकतात. तो बाजूला बसून पाहतो. खेळाचे नियम त्याला कळत असतात, डावपेच सुचत असतात. अडते ते केवळ मुठीशी.

आणि मूठ तर बदलता येते! बोर्डाला बटण कोणी दाबले याची चौकशी नसते. जोडणी मिटली एवढेच तो जाणतो. मग तीस मिलिमीटरच्या बटणाऐवजी शंभर मिलिमीटरचे घुमटी बटण लावावे, ते तळव्याने किंवा कोपराने दाबता येते. एक बटण पायाशी ठेवावे. स्प्रिंग हलकी घालावी. सारी बटणे एकाच हाताच्या आटोक्यात मांडावीत. काहींना दांडीच सोसत नाही; त्यांनी दिशांसाठी चार बटणे बसवावीत. तेव्हा डावे आणि उजवे एकदम दाबले गेल्यास काय समजावे, याचा नियम बोर्डाला घालून द्यावा लागतो, इतकेच.

मोठ्या कंपन्यांनाही ही गोष्ट अखेर पटली. एबलगेमर्स आणि स्पेशलइफेक्ट यांसारख्या संस्था अपंग खेळाडूंसाठी बरीच वर्षे अशी जुळणी करीत आल्या होत्या. त्यांच्या सल्ल्याने मायक्रोसॉफ्टने २०१८ साली ‘एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर’ बाजारात आणला. त्याच्या पाठीवर ३.५ मिमीच्या छिद्रांची रांग आहे आणि प्रत्येक छिद्रात बाहेरचा एकेक खटका जोडता येतो. तो घरी केलेला, दोन तारांचा साधा खटका असला तरी चालतो. सोनीनेही २०२३ साली आपला ‘अॅक्सेस कंट्रोलर’ काढला. घरच्या कामाच्या टेबलावर हौशी माणसे जे करीत होती, त्याला कारखान्याने आपल्या यंत्रात दार ठेवले.

तेव्हा आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी फळी, करवत आणि तारांची भेंडोळी घेऊन बसली, तर हा वेळ वाया चालला असे लगेच म्हणू नये. तिला शेजारच्या सुताराकडे न्यावे, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याची ओळख करून द्यावी. पहिली पेटी ती स्वतःच्या पंजाच्या मापाने करील. दुसरी करण्याची वेळ येईल तेव्हा तिला एवढेच सुचवावे, की गल्लीत किंवा नात्यात असा एखादा हात असेल, ज्याला बाजारातली मूठ धरता येत नाही. कागद घेऊन आधी त्याच्याकडे जा; त्याची बोटे जेथे टेकतील, तेथे खुणा कर.