परक्या भाषेतील आपली कवयित्री
(मालवण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



जन्मभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाने एका कवयित्रीविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु जमीन कोणाची आणि भाषा कोणाची, हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे नाहीत, असे माझे मत आहे. विमला देवी यांचे लेखन त्याची साक्ष देते.

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला तेरेखोल नदी ओलांडली की गोवा लागतो. तेथे पणजीसमोर, मांडवीच्या पलीकडल्या तीरावरील ब्रिटोना गावी, १९३२ साली एका जमीनदार कॅथलिक कुटुंबात तेरेझा आल्मेदा यांचा जन्म झाला. पुढे लेखनासाठी त्यांनी ‘विमला देवी’ हे नाव धारण केले. नाव या मातीचे, भाषा मात्र पोर्तुगीज! १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्या लिस्बनला गेल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा ‘सूरिया’ हा कवितासंग्रह निघाला. १९६३ मध्ये ‘मोन्सांव’, म्हणजे मोसमी पाऊस, हा कथासंग्रह आला. १९७१ मध्ये पती मानुएल द सेआब्रा यांच्यासमवेत त्यांनी गोव्यातील पोर्तुगीज साहित्याचा दोन खंडांचा इतिहास सिद्ध केला.

या कथांत भाटकार आहेत, तसेच मुंडकारही आहेत. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून त्याच्या मर्जीवर राहणारा माणूस. डोक्यावरचे छप्पर त्याचे, पायाखालची माती दुसऱ्याची. आपल्याकडे खोताच्या अमलाखाली पिढ्यानपिढ्या खपलेल्या कुळांना हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. आपल्याकडे खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा गोव्यातील मुंडकार कायदा १९७५ मध्ये झाला. भाटकारांच्या वर्गात जन्मलेल्या स्त्रीने हा अन्याय त्याआधी बारा वर्षे शब्दबद्ध केला होता, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि येथेच खरा पेच आहे. ज्याची व्यथा लिहिली, त्या मुंडकाराला ती वाचता येत नव्हती. मूठभरांच्या भाषेत कारभार चालला की बहुजन मुके होतात, हे डॉ. लोहियांनी आपणांस शिकविले. तेच लोहिया १८ जून १९४६ रोजी मडगावात सभाबंदी मोडून उभे राहिले होते. मग या लेखिकेला परकी म्हणून आपण दूर सारावे काय?

मला तसे वाटत नाही. भाषा तिने निवडली, त्यापूर्वी तिच्या वर्गाने ती निवडली होती. आपला विरोध भाषेच्या मक्तेदारीला आहे, भाषेला नव्हे. राज्यकर्ते गेले, तसा त्या भाषेचा गोव्यातील वाचकही ओसरला. तेव्हा या कथा-कविता मराठीत आणि कोंकणीत आणून मुंडकारांच्या नातवंडांच्या हाती ठेवणे, हे मी सांस्कृतिक भूमिसुधारणेचेच काम मानतो. कायद्याने जमीन कसणाऱ्याला मिळते. त्याची कहाणी त्याला परत मिळावी यासाठी मात्र आपणांलाच झटावे लागेल.