एका तटबंदीच्या गावातली खरेदी

परदेशी गेलेला माणूस परतला म्हणजे शेजारीपाजारी दोन प्रश्न हमखास विचारतात. काय पाहिलंत, आणि काय आणलंत? पहिल्याचे उत्तर देताना आपण रंगून जातो, दुसऱ्याला जरा संकोचतो. जर्मनीतल्या रोटेनबुर्ग गावी दोन रात्री राहून आल्यापासून मला मात्र दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा वाटू लागला आहे.

रोटेनबुर्ग हे बव्हेरियात टाउबर नदीच्या वरच्या टेकाडावर वसले आहे. वस्ती अकरा हजारांच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या मोठ्या बाजारगावाची असते तेवढी. श्टाइनाख स्टेशनावर गाडी बदलून लहान गाडीने जायचे, आणि स्टेशनापासून दहा मिनिटे चालले की वेस लागते. आत उतरत्या लाल कौलांची घरे, आणि दुकानांवर नक्षीदार लोखंडी पाट्या टांगलेल्या.

हे सगळे इतके जुने राहिले कसे? तर गरिबीमुळे! एके काळी हे संपन्न, स्वतंत्र नगर होते. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ साली, सेनापती टिली याने ते जिंकले. १६३४ मध्ये प्लेग आला आणि गाव खंगले ते खंगलेच. नवी घरे बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनी टिकली. एकोणिसाव्या शतकात चित्रकारांना ती आवडली, आणि चित्रकारांच्या मागोमाग प्रवासी आले.

टिलीची एक गोष्ट गावकरी सांगतात. नुश नावाच्या नगराध्यक्षाने सव्वातीन लिटर मद्य एका दमात प्यायले आणि खूश झालेल्या टिलीने गाव सोडून दिले! इतिहासाला हे मान्य नाही. पण चौकातल्या घड्याळाशेजारच्या खिडक्या ठराविक तासांना उघडतात, दोघांच्या बाहुल्या दिसतात, आणि शेकडो माणसे माना वर करून उभी असतात. मीही होतो.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. बहुतेक प्रवासी दिवसा बसने येतात आणि संध्याकाळी जातात. आपण मुक्काम करावा. संध्याकाळी गल्ल्या मोकळ्या होतात, आणि कंदील व भाला घेतलेला एक 'पहारेकरी' लोकांना हिंडवत जुन्या गोष्टी सांगतो. सकाळी तटावर चढावे. वर छप्पर घातलेली अरुंद वाट आहे आणि तिला तिकीट नाही. नगरभवनाच्या मनोऱ्याला २२० पायऱ्या आहेत, गुडघे धड असतील तरच चढा. संत याकोबाच्या चर्चमध्ये रीमेनश्नायडर या शिल्पकाराने सोळाव्या शतकाच्या आरंभी लाकडात कोरलेली वेदी आहे. तिला रंग नाही, चेहरे नुसत्या लाकडात बोलतात. शाळेत हस्तकला शिकवणाऱ्यांनी ती अवश्य पाहावी.

आता बाजार. नाताळची शोभेची खेळणी इथे भर उन्हाळ्यातही विकतात. 'श्नेबालन', म्हणजे बर्फाचा गोळा, ही इथली मिठाई: पिठाच्या पट्ट्या गुंडाळून तळायच्या आणि वर पिठीसाखर. आपल्या चिरोट्याची लांबची भावकी म्हणा, पण मुठीएवढी आणि खाताना अंगभर सांडणारी. एकात दोघांचे भागते. बाकी कोणतीही वस्तू घेण्याआधी उलटी करून तळ पाहावा. मी एक सुंदर मग उलटा केला, तो भलत्याच देशातला निघाला! एका दुकानात पन्नास युरोंहून अधिक खरेदी झाली तर कर परत मिळण्याचा कागद मागावा. युरोपीय संघाबाहेर निघताना वस्तू आणि कागद जकात अधिकाऱ्याला दाखवावे लागतात.

तटावर चालताना भिंतीत ठिकठिकाणी नावे कोरलेले दगड दिसतात. त्यात जपानी नावे पुष्कळ. ३१ मार्च १९४५ रोजी गावावर बाँब पडले. माणसे मेली, जुन्या गावाचा सुमारे ४० टक्के भाग गेला, सहाशे मीटरांवर तट ढासळला. तो पुन्हा बांधायला जगभरच्या माणसांनी पैसे दिले, आणि ज्याने दिले त्याचे नाव भिंतीत बसले. याच गावाने १९३८ च्या ऑक्टोबरात आपल्या उरल्यासुरल्या ज्यू शेजाऱ्यांना हाकलून दिले होते, हेही तटावर चालताना विसरता येत नाही.

उरलेले गाव वाचले कसे? अमेरिकेच्या युद्धखात्यातले सहायक सचिव जॉन मॅक्लॉय यांनी तोफा न डागण्याची सूचना दिली, आणि गावातल्या जर्मन मेजरने वरचा हुकूम मोडून ते लढाईविना सोडले. मॅक्लॉय यांना हे आडबाजूचे गाव ठाऊक कसे? त्यांची आई पूर्वी तिथे हिंडून आली होती आणि तिने आणलेले गावाचे चित्र त्यांच्या घरी होते, असे सांगतात.

हे ऐकले आणि मी मग जागेवर ठेवला. गल्लीतल्या एका लहानशा दुकानात तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून छापलेली चित्रे होती. किंमत मगाच्या दुप्पट. दुकानातल्या वृद्ध बाईंनी विचारले, "कुठे लावणार?" मी म्हटले, "वर्गात."

तिथेच लावले आहे. दोन बुरूज आणि मधून उतरणारा रस्ता. मागच्या बाकावरचा एक मुलगा परवा विचारत होता, "सर, हा रस्ता खाली कुठे जातो?"