हिरडीतले रक्त



कामगार संघटनेतला माणूस दातांवर बोलायला उभा राहिला, याचे काहींना नवल वाटेल. पण तक्रारी ऐकण्यात माझे आयुष्य गेले आहे, आणि हिरडीतून येणारे रक्त ही शरीराची तक्रारच आहे. ती दुखत नाही, म्हणून आपण ऐकत नाही. दात हलू लागले म्हणजे धावतो. तोवर दाताला धरून ठेवणारे हाड झिजलेले असते, आणि गेलेले हाड सहसा पुरते भरून येत नाही.

मी डॉक्टर नव्हे. वाचून, विचारून जे कळले ते सांगतो. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणे थांबवावयास लावले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू होताच आठवडाभरात त्या बऱ्या झाल्या. दोषी ठरले ते दातांवरचे कीटण.

हे कीटण हिरडीखाली शिरले, की हवेवाचून जगणारे जंतू तेथे बळावतात. त्यांतल्या तिघांचा—पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस, टॅनरेला फोर्सिथिया, ट्रेपोनेमा डेंटिकोला—१९९८ साली सोक्रान्स्की यांनी ‘लाल गट’ केला. परंतु सारी नासाडी जंतूंचीच नव्हे. त्यांच्याशी झुंजताना शरीर इंटरल्यूकिन-१ आणि एमएमपी-८ यांसारखी द्रव्ये सोडते, आणि त्या झुंजीत घरचीच भिंत ढासळते. हिरडीच्या फटीतल्या द्रवात ही द्रव्ये मोजता येतात.

उपाय बहुधा शस्त्रक्रियेवाचून सुरू होतो. बारीक हत्यारांनी हिरडीखालची मुळे खरवडून स्वच्छ करतात. मग लाल गट घटतो, दाहाची द्रव्ये उतरतात, रक्त थांबते. पण घरची स्वच्छता राखली नाही, तर काही आठवड्यांतच जंतू पुन्हा ठाण मांडतात. करारावर सही झाली म्हणजे अंमलबजावणी झाली, असे थोडेच असते?

महागड्या तपासण्यांनी मात्र दिपून जाऊ नका. त्या मुख्यतः संशोधनाच्या कामाच्या. नेहमीच्या उपचाराला खुणांची सळई पुरते: फट ३ मिलिमीटरपर्यंत आणि रक्त नाही, तर बहुधा ठीक. मात्र विडी-सिगारेट ओढणाऱ्याचे रक्त कमी दिसते, आजार कमी नसतो! तेथे गप्प बसलेला साक्षीदार निर्दोषपणाचा पुरावा मानू नये. आणि मिश्री लावणाऱ्या भगिनींनो, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दात राखीत नाही.

शेवटी मुद्द्याचे. या उपचाराला अनेक खेपा लागतात, आणि रोजंदारीवाल्याची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणून तो दुखेपर्यंत थांबतो आणि दात उपटून घेतो; उपटायला एकच खेप लागते. दात घासा, असे त्याला जरूर सांगा. पण त्या खेपांची भरपगारी सुटी मागताना त्याच्या बाजूला उभेही राहा.