आदेशाने उघडलेलं दुकान



आजचा विषय गांजाच्या दुकानांचा आहे. दचकू नका. गांजाची बाजू घ्यायला मी बसलेले नाही. पण थायलंड देशात गेल्या काही वर्षांत या एका झाडाभोवती जे घडलं, त्यात छोट्या दुकानदारांना आणि शेतकऱ्यांना मोठे धक्के बसले. आपण गट चालवतो, कर्ज काढून धंदा करतो, गावात दारूचं दुकान नको म्हणून भांडतोही. म्हणून ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

थायलंड म्हणजे बँकॉक, फुकेत, पट्टाया. आपल्याकडच्या टूरच्या जाहिरातींत ही नावं तुम्ही वाचली असतील. त्या देशाचा मोठा आधार पर्यटन. २०१९ मध्ये तिथे सुमारे चार कोटी परदेशी पाहुणे आले होते. मग कोरोना आला आणि सगळं ठप्प झालं. हॉटेलं, रिक्षावाले, खाण्याच्या गाड्या लावणाऱ्या बायका, सगळ्यांचे हात रिकामे झाले.

गांजा त्या देशाला नवा नाही. थाई भाषेत त्याला 'कांचा' म्हणतात, शब्द आपल्या ओळखीचाच वाटतो ना? जुन्या थाई औषधांत तो होता, स्वयंपाकात पानंही पडायची. पुढे कायद्याने बंदी आली आणि माणसं तुरुंगात जाऊ लागली. २०१८ च्या शेवटी औषधापुरती मोकळीक देणारा कायदा तिथे झाला. आणि ९ जून २०२२ ला सरकारने गांजाचं झाड अमली पदार्थांच्या यादीतून काढून टाकलं. असं करणारा तो आशियातला पहिला देश. त्या वेळचे आरोग्यमंत्री अनुतिन चार्नविराकुल आणि त्यांचा भूमजाईथाई पक्ष यांनी निवडणुकीत तसं वचन दिलं होतं. घराघरांत लावायला दहा लाख रोपं फुकट वाटू, अशी घोषणाही झाली. गांजाच्या गुन्ह्यात अडकलेले हजारो कैदी सुटले.

मंत्र्यांचं म्हणणं होतं की ही मोकळीक औषधासाठी आणि शेतकऱ्याच्या कमाईसाठी आहे, नशेसाठी नाही. पण ते सांगणारा पक्का कायदा संसदेत झालाच नाही. विधेयक आलं, त्यावर पक्षापक्षांत भांडणं झाली, आणि २०२३ च्या निवडणुकीआधी संसद विसर्जित झाली तेव्हा ते तसंच पडून राहिलं. म्हणजे दार उघडलं, पण उंबरठा घातलाच नाही. मग ठिगळं लावणं सुरू झालं. वीस वर्षांखालच्यांना विकू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला विकू नका. रस्त्यात ओढू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये फुलोरा विकायला परवाना लागेल असं ठरलं. प्रत्येक नियम वेगळ्या कागदावर आणि वेगळ्या दिवशी आला.

तोवर दुकानं उघडली होती. परवानाधारक दुकानांची संख्या पुढे सुमारे अठरा हजारांवर गेली. बँकॉकच्या खाओसान रोडवर, फुकेतच्या समुद्रकाठी, उत्तरेकडच्या चियांगमाईत हिरव्या पानाच्या पाट्या लागल्या. कोरोनाने रिकामे पडलेले गाळे भाड्याने गेले. गिऱ्हाईक मुख्यतः परदेशी पाहुणा. सुट्टीवर आलेला माणूस भाव करत बसत नाही, म्हणून सुरुवातीला नफा बरा होता.

आता समजा, आपल्यासारखीच एक बाई. कपड्यांचं दुकान कोरोनात बुडालं. हाताशी थोडी शिल्लक आहे, थोडे पैसे बहिणीकडून घेतले. गाळ्याचं डिपॉझिट दिलं, काचेची कपाटं केली, परवान्याची फी भरली, दोन मुलींना कामावर ठेवलं. तिने काही चोरून केलं नाही. सरकारने सांगितलं चालेल, म्हणून तिने केलं. सरकारच्या शब्दावर घरची शिल्लक लावली, एवढाच तिचा हिशोब.

पहिला धक्का बाजाराने दिला. दुकानं गल्लोगल्ली झाली. त्यात परदेशातून चोरट्या वाटेने स्वस्त माल येऊ लागला. भाव कोसळले. ज्या शेतकऱ्यांनी दिवे, पंखे, बंदिस्त शेड यांवर पैसे घातले होते, त्यांचा माल पडून राहू लागला. सरकारी मोकळीक शेतकऱ्यासाठी होती, आणि मार पहिल्यांदा त्यालाच बसला. आपल्याकडे कांद्याचं किंवा टोमॅटोचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरा धक्का नुसत्या चर्चेचा. मे २०२४ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान श्रेत्था थाविसिन म्हणाले, वर्ष संपायच्या आत गांजा पुन्हा अमली पदार्थांच्या यादीत टाकू. जुलैत ती गोष्ट मागे पडली, यादीत टाकण्याऐवजी कायदा करून नियंत्रण आणू असं ठरलं. तो कायदाही लगेच आला नाही. बंदीचा नुसता प्रस्ताव असतो ना, तोही दुकानदाराला खातो. दुकान उद्या असेल की नाही ठाऊक नाही, मग माल किती भरायचा? गाळ्याचा करार वाढवायचा की सोडायचा? कामावरच्या मुलीला काय सांगायचं? मोठ्या कंपनीकडे वकील असतात, दुसरे धंदे असतात. छोटी दुकानदार रोज बातम्या बघत बसते.

तिसरा धक्का खरा होता. जून २०२५ मध्ये भूमजाईथाई पक्ष सरकारमधून बाहेर पडला. त्यानंतर आठवड्याभरातच नवा आदेश निघाला. आरोग्यमंत्री सोमसाक थेपसुतिन यांनी सही केली आणि राजपत्रात छापून आल्याबरोबर तो लागू झाला. आता गांजाचा फुलोरा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचा नाही. चिठ्ठीवर तीस दिवसांपुरताच माल द्यायचा. माल प्रमाणपत्र असलेल्या शेतातूनच घ्यायचा. जाहिरात बंद, ऑनलाइन विक्री बंद. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि वीस हजार बाथपर्यंत दंड, म्हणजे आपले पन्नास हजार रुपये तरी झाले.

सरकारची कारणं खोटी होती असं नाही. मुलांच्या हाती गांजा जात होता, हे तिथले डॉक्टर आणि पालक ओरडून सांगत होते. पर्यटक बॅगा भरून माल विमानाने बाहेर नेत होते, त्यावरून इतर देशांच्या तक्रारी येत होत्या. लेकरंबाळं घेऊन फिरायला येणाऱ्या कुटुंबांना रस्त्यावरचा वास नको होता. म्हणजे पर्यटनाचेही दोन भाग पडले. एका पाहुण्याला ओढणारी दुकानं दुसऱ्याला दूर ढकलत होती. आपल्या आयाबायांनाही ही चिंता लगेच पटेल, मलाही पटते.

पण नियम कसा आणला ते बघा. दुकानदाराला कपाटातला माल संपवायलाही वेळ नाही. चिठ्ठी कोण देणार, त्याचे पैसे किती, त्या डॉक्टरला दुकानात बसवायचं का, याची उत्तरं हळूहळू येत गेली. जुलैमध्ये शेतकरी आणि दुकानदार आरोग्य मंत्रालयासमोर जमले. त्यांच्यातले बरेच जण म्हणत होते की नियम करा, पण कायदा करून करा, म्हणजे सरकार बदललं की आमचं दुकान बदलणार नाही. पुढे सप्टेंबरमध्ये तेच अनुतिन पंतप्रधान झाले, तरी चिठ्ठीचा नियम काही लगेच उठला नाही. अनेक दुकानांना कुलपं लागली.

आता थोडं दूर, युरोपात जाऊ. नेदरलँड्समध्ये गांजा विकणारी 'कॉफी शॉप' नावाची दुकानं फार जुनी आहेत. १९७६ पासून तिथला कायदा सौम्य आणि कडक नशा असा फरक करतो. एका माणसाला दिवसाला पाच ग्रॅम, अठरा वर्षांखाली प्रवेश नाही, दुकानात दारू नाही, जाहिरात नाही. नियम थोडे, पण सगळ्यांना पाठ. त्या देशाच्या दक्षिणेला मास्ट्रिख्त नावाचं शहर आहे. शेजारच्या बेल्जियम, जर्मनी, फ्रान्समधून लोक तिथे गांजासाठी गाड्या घेऊन यायचे. गर्दी, गोंगाट, पार्किंगची भांडणं. गावकरी वैतागले. १ मे २०१२ पासून दक्षिणेच्या तीन प्रांतांत नियम आला की दुकानात फक्त तिथल्या रहिवाशांनाच, तेही सभासद-कार्ड असेल तरच, प्रवेश.

परिणाम दोन झाले. परदेशी गाड्या कमी झाल्या, हे गावाला हवंच होतं. पण स्थानिक लोकही कार्डासाठी नाव नोंदवायला कचरले, आणि रस्त्यावर चोरून विकणारे वाढले. त्यांच्याकडे ना वयाची अट, ना पाच ग्रॅमची. वर्ष संपायच्या आत सरकारने कार्ड रद्द केलं. रहिवाशांनाच विक्री हा नियम ठेवला, पण तो किती कडक पाळायचा हे त्या त्या नगरपालिकेवर सोडलं. मास्ट्रिख्तने तो पाळला. अ‍ॅमस्टरडॅमने पर्यटकांना दार उघडं ठेवलं. २०२१ मध्ये तिथल्या महापौर फेम्के हाल्सेमा यांनी पर्यटकांना बंदीचा प्रस्ताव मांडला, त्यावर शहरात खूप वाद झाला, आणि तो लागू झाला नाही. मे २०२३ पासून तिथल्या जुन्या वस्तीत रस्त्यावर गांजा ओढायला मात्र बंदी आहे, १०० युरो दंड. तिथे राहणाऱ्यांची झोप आणि दुकानदाराचा गल्ला, दोन्हींचा विचार करून काढलेली ही वाट.

मैत्रिणींनो, हे आपल्याला अनोळखी नाही. उभी बाटली की आडवी बाटली, हे मतदान आपल्या कित्येक गावांतल्या बायांनी केलंय. आधी पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या जमवायच्या, त्या तपासून घ्यायच्या, मग मतदान, आणि निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. या वाटेला वेळ लागतो, पाय दुखतात. पण दुकान का बंद झालं हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं, दुकानदारालाही आधी कळलेलं असतं. आणि बंदीनंतरचं कामही आपल्याला ठाऊक आहे. चंद्रपूर जिल्ह्यात बायांच्या मोठ्या लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. उठवताना सरकारने चोरट्या दारूचं कारण पुढे केलं. बंदी हवी असेल तर चोरवाट बुजवायची तयारीही मागावी लागते.

आता गटातल्या बायांसाठी तीन गोष्टी सांगते. गांजा बाजूला ठेवा, कुठल्याही धंद्याला लागू आहेत.

एक. नव्या धंद्यात कर्जाचा पैसा घालण्याआधी विचारा, हा धंदा कायद्यावर उभा आहे की एखाद्या आदेशावर? आदेश असेल तर त्याची मुदत किती? ग्रामसेवकाला, बँकेच्या साहेबांना कागद दाखवायला सांगा. नुसतं "चालतंय, सगळे करतात" यावर गटाचा पैसा लावू नका.

दोन. गिऱ्हाईक एकाच जातकुळीचं ठेवू नका. पर्यटक येतो तसा जातो. तुमचं दुकान समुद्रकाठी असो की देवस्थानाच्या पायथ्याशी, गावातलं माणूसही तिथून काही घेईल असं दोन जिन्नस तरी ठेवा.

तीन. गावात काही बंद करायची मागणी करताना पुढचंही मागा. माल संपवायला मुदत किती, कामावरच्या बाईचं काय, आणि चोरून विकणाऱ्यावर कोण लक्ष ठेवणार. हे आधी लिहून घेतलं तर बंदी टिकते.

जाता जाता एक काळजीची गोष्ट. २०२४ मध्ये वीस लाखांहून जास्त भारतीय थायलंडला गेले. आपल्याही तालुक्यातली पोरं टूरने जातात. बँकॉकहून गांजा आणणारे प्रवासी मुंबई विमानतळावर पकडल्याच्या बातम्या सारख्या येतात. 'हायड्रोपोनिक' म्हणजे मातीविना वाढवलेला हा गांजा असतो. नाव काहीही असो, आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात तो गांजाच. एक किलोपर्यंत सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद. एक ते वीस किलोच्या मध्ये असला तर दहा वर्षांपर्यंत. वीस किलोपेक्षा जास्त असला तर दहा ते वीस वर्षं, वर किमान एक लाख रुपये दंड. तिथे दुकानात पाटी लावून विकतात म्हणून इथे चालत नाही. कोणी म्हणालं, तिकीट आमचं, हॉटेल आमचं, येताना एवढी बॅग तेवढी आण, तर घरातल्या मुलाला तिथेच थांबवा. दुसऱ्याची बॅग हातात घ्यायची नाही, एवढं वाक्य त्याच्याकडून पाठ करून घ्या.

तुमच्या गटाने कुठला धंदा सरकारी योजनेवर किंवा आदेशावर सुरू केला असेल, आणि मध्येच नियम बदलला असेल, तर काय केलंत ते आम्हाला पत्राने कळवा. पुढच्या वेळी त्यावर बोलू.