पातळ पिशवीचा प्रवास



राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतून व लगतच्या आरे-पवई परिसरातून दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या उपनगरांतील चार नद्या निघतात. आज आपल्यापैकी बहुतेक जण त्यांना नाले म्हणतात. वस्तीत शिरताच त्यांचे पात्र कचऱ्याने भरते, आणि त्या कचऱ्यात प्लॅस्टिकची पातळ पिशवी सर्वत्र आढळते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या प्रलयाचा सारा दोष पिशव्यांच्या माथी मारणे योग्य नव्हे. समुद्रास भरती होती, मिठीचे पात्रही भराव व बांधकामांमुळे अरुंद झाले होते. तथापि मोऱ्यांत अडकलेल्या पिशव्यांनी निचरा आणखी रोखला. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली.

पिशवी नाल्यापर्यंत पोहोचते कशी? कचरावेचक बाटली उचलतो, पुठ्ठा उचलतो. पातळ पिशवी मात्र तो तशीच सोडून देतो. किलोभर वजनासाठी अशा शेकडो पिशव्या, त्याही खरकट्याने माखलेल्या, गोळा कराव्या लागतात. त्यांना भंगारवाला काय भाव देणार? जाडीचे नियम करण्यामागे हेच एक महत्त्वाचे कारण होते. २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनची किमान मर्यादा घातली, आणि मार्च २०१८ मध्ये जाडी कितीही असो, अशा पिशव्यांवर बंदीच आणली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार रुपये दंड आहे.

खरकटे पिशवीत बांधून टाकले की जनावरे ते पिशवीसकट गिळतात, आणि ती पोटात साचत जाते. उघड्यावर पडलेल्या पिशवीत पावसाचे पाणी साचून डेंग्यूचे डास वाढतात. कचरा पेटविला तर विषारी धूर शेजारच्याच घरात शिरतो. उकळता चहा पिशवीतून आणण्याची आपली रीतही आरोग्यास घातकच.

दंड बहुधा भाजीवालीस होतो. पिशवी नाकारली तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाते, हे तिचे म्हणणे खोटे नाही. म्हणून एकट्या विक्रेत्यास धाक घालून भागणार नाही; संपूर्ण बाजाराने एकाच दिवसापासून पिशवी बंद करावयास हवी. ग्रामपंचायतींना आठवडे बाजारात हे अधिक सुलभ आहे. महिला बचत गटांकडून कापडी पिशव्या शिवून घ्याव्यात, त्या अनामत रकमेवर द्याव्यात, आणि पिशवी परत येताच पैसे तत्काळ परत करावेत. परताव्यासाठी खेटे घालावे लागले, तर पुढच्या बाजारी पुन्हा पातळ पिशवीच दिसेल.